लाल टॅगखालची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे आणि देव व्हायची माझी अजिबात इच्छा नव्हती. भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतल्या एका ओट्यापाशी मला आठ महिने उभं करून ठेवलं. गळ्यात हार घातला, उदबत्ती ओवाळली, माझ्यासोबत फोटो काढले. हवा मात्र एकानंही भरली नाही. अशा भक्तांना काय म्हणावं, ते तुम्हीच सांगा.

मला बाबुलालनं विकत घेतलं. तो भंडाऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, पण इथल्या पोलाद कारखान्यात लागला होता. तिन्ही पाळ्यांना मी त्याला गेटपर्यंत नेलं. घरी आला की तो बायकोला, गिरजाबाईला, कारखान्यातल्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक मलाही पाठ झाली. मशीन दुरुस्तीला घेतली की तिच्यावर लाल टॅग लावतात, 'चालू करू नये' असा. तो ज्यानं लावला त्यानंच काढायचा, दुसऱ्यानं हातसुद्धा लावायचा नाही. "टॅगखाली माणूस असते, गिरजे," असं तो म्हणायचा. पुढे बाबुलाल तापानं गेला आणि मी गिरजाबाईची झाले.

पस्तिसाव्या वर्षी ती माझ्यावर सायकल शिकली. चारदा पडली, माझं हँडल वाकडं केलं आणि वर मलाच बोलली. रुआबांध्याच्या एका वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम मिळालं होतं. सकाळी साडेपाचला आम्ही निघायचो. तिची मुलगी उन्नती तेव्हा खो-खो खेळायची आणि तिचं मैदान आमच्या वाटेतच होतं. पण माझ्या कॅरिअरवर वसतिगृहाच्या भाजीचे थैले असायचे. पोरीला बसायला जागा कुठली? ती आपली मागून धावायची. गिरजाबाई मान वळवून म्हणायची, "पकड मले." आणि उन्नती जीव तोडून धावायची. एक दोन दिवस नाही, सहा वर्षं हे चाललं.

मग एका शिबिरात कोणीतरी तिला शर्यतीच्या सायकलवर बसवलं आणि खो-खो मागे पडला. तीन वर्षांत ती परदेशातल्या एका संघाची पगारी सायकलपटू झाली. मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू, थोडा गर्वही झाला.

इथून माझे भोग सुरू झाले. उन्नतीची शर्यत असली की संध्याकाळी आमच्या ओट्यावर तिघं जमायचे. बाबाराव हा बाबुलालचा कारखान्यातला जोडीदार, आता निवृत्त. धोंडबा रेल्वेतला. आणि प्रफुल्लचं मोबाइलचं दुकान, म्हणून शर्यत त्याच्याच मोबाइलवर दिसायची.

"खो-खोत पाटीवर बसून-बसून मांड्या तयार झाल्या तिच्या," बाबाराव म्हणायचा.

"मांड्यानं काय होते? पोट्टी हूल देते. खो-खोवालीच हूल देऊ शकते," धोंडबा म्हणायचा.

"चाचा, चढ पे पिछड़ जाती है. खो-खोचं मैदान सपाट असते न," हे प्रफुल्लचं.

दर वेळी हेच, शब्दही तेच. तिघंही यायचे मोटारसायकलवर. दहा वर्षांत एकानंही पायडल मारलं नव्हतं आणि शिकवत होते गिअर कधी बदलायचा ते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. खो-खोची पोरगी सायकलपटू कशी झाली याचं उत्तर त्यांच्यापासून दोन हातांवर उभं होतं, पण मला विचारतो कोण?

मागच्या सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी कारखान्यातली माणसं मशीनची पूजा करतात आणि तिला आराम देतात. बाबारावची सवय काही सुटलेली नव्हती. त्यानं मला धुतलं, कुंकू लावलं, हार घातला आणि म्हणाला, "वहिनी, आज इले चालवू नका." नेमकं त्याच संध्याकाळी उन्नतीनं शर्यतीचा एक टप्पा जिंकला. ओट्यावर पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी बाबारावनं आपल्या जुन्या पेटीतून लाल टॅग काढला आणि माझ्या हँडलला बांधला.

"सायकल थांबली तं पोट्टी जिकली. आता हे हलली नाई पाहिजे," तो म्हणाला. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण सायकलला हात कुठे असतो?

गिरजाबाईनं तो टॅग पाहिला. बाबुलालचा नियम तिला ठाऊक होता. दुसऱ्यानं लावलेला टॅग तिनं काढला नाही. त्या दिवसापासून ती रुआबांध्याला पायी जाऊ लागली. पहाटे साडेचारला उठायची, दोन्ही हातांत भाजीचे थैले घ्यायची आणि निघायची. परत यायची तेव्हा टाचा भेगाळलेल्या असायच्या आणि डावा गुडघा सुजलेला. संध्याकाळी ओट्यावर आईच्या त्यागावर चर्चा रंगायची. "माय असावी तं अशी," असं धोंडबा म्हणायचा आणि तिलाच चहा मांडायला सांगायचा.

मार्चमध्ये उन्नती एका शर्यतीत बेचाळिसावी आली. लगेच चौकशी बसली.

"सायकलले हात कोणं लावला?" बाबारावनं विचारलं.

"धूळ पुसली न, भाऊजी," गिरजाबाई म्हणाली.

"पुसाची बी नाई."

मित्रांनो, मला त्या माणसाचा इतका राग आला की काय सांगू. हवा जाऊन माझ्या चाकांच्या रिमा जमिनीला टेकल्या होत्या, चेन गंजून घट्ट झाली होती आणि हा धुळीचा हिशोब मागत होता.

मे महिन्यात उन्नती आठ दिवसांच्या सुट्टीवर आली. न कळवता आली, सकाळी अकराच्या उन्हात. ओट्यावर तिघं धावत जमले. प्रफुल्लनं तिला माझ्याशेजारी उभं केलं आणि मोबाइल वर धरला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गिरजाबाई दिसली. चप्पल हातात, एक पाय ओढत येत होती.

"आई, तू पायी कावून येऊन राहिली?" उन्नतीनं विचारलं.

 गिरजाबाईनं फक्त टॅगकडे पाहिलं. मग बाबारावनंच मोठ्या कौतुकानं सगळी हकिकत सांगितली.

 उन्नती आईजवळ बसली आणि आईचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

"काकाजी, तुमी माह्या बाबासंग कामाले होते. टॅगखाली कोण असते?"

"माणूस असते," बाबाराव म्हणाला.

"मंग पाहा न, या टॅगखाली कोण हाय?"

बाबारावनं त्या टाचा पाहिल्या. आठ महिने त्या त्याच्यासमोरून जात होत्या.

"मी खो-खोतून कशी आली म्हणून भांडता न तुमी?" उन्नती म्हणाली. "या सायकलच्या मागं धावून आली. आई पुढं होती म्हणून धावली. तुमी तिलेच थांबवलं."

टॅगला तिनं हात लावला नाही. तो बाबारावलाच काढावा लागला. गाठ आवळलेली होती, ती त्यानं दातांनी सोडवली, आणि मला पहिल्यांदाच त्याची दया आली. मग तो मला ढकलत स्वतः पंक्चरच्या दुकानात घेऊन गेला. भर उन्हात, पायी.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणाला तरी असंच हार घालून बसवलेलं असेल. जरा बघा, त्याच्यामुळे कोणाला पायी चालावं लागतंय. मला हार नको, चेनीला तेलाचे चार थेंब पुरेत. जास्त बोलायला मला आता वेळही नाही. साडेपाच वाजलेत, गिरजाबाईनं स्टँड काढला आहे, आणि मागे उन्नती बुटाची नाडी बांधते आहे.