इन्स्पेक्टर मेला, यावर माझी मिशी

इन्स्पेक्टर मेला की जगला, यावर मी माझी मिशी लावली. पैशांची पैज काय, कोणीही लावतं. मिशी लावायला आधी मिशी असावी लागते, आणि आमच्या अख्ख्या गल्लीत नाव घेण्यासारखी तेवढी माझीच. दोन्ही टोकं वर, मेण लावून वळलेली. माझं केस कापायचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक आत शिरलं की आधी मिशी बघतं आणि मग भाव विचारतं. पाटीची मला गरज पडत नाही.

हा इन्स्पेक्टर आमचा कोणी नातलग नव्हे. तो टीव्हीवरच्या इंग्रजी मालिकेतला. त्याचं काम करणारा नट अस्सल इंग्रज, वय झालेलं, पोट सुटलेलं, चालतो तो पायात दुसऱ्या कोणाचे तरी बूट घातल्यासारखा. पण संशयिताकडे नुसती मान वळवून बघितलं की आम्ही इथे खुर्चीत कबुलीजबाब द्यायच्या तयारीत. आम्ही त्याला साहेब म्हणतो. सोमवारी दुकान बंद असतं. संध्याकाळी शटर अर्धं ओढून आत आमची बैठक भरते. मी, माझी बायको, समोरचा वायरमन आणि वरच्या मजल्यावरच्या टेलिफोनकाकू.

काकूंची सगळी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात गेली, याचा फोन त्याला जोडून देण्यात. साहेबांच्या भक्तीत त्या आमच्या दोन पावलं पुढे. साहेबांनी टीव्हीशिवाय ऑडिओ नाटकंही केलीत. नुसता आवाज, चित्र नाही. त्याच इन्स्पेक्टरच्या आणखी गोष्टी. ती सगळी काकूंच्या मोबाइलमध्ये. भाजी चिरताना साहेब, कपडे वाळत घालताना साहेब. आम्ही बाकीचे पडद्याच्या खाली येणाऱ्या मराठी पट्ट्या वाचून गोष्ट समजून घेणारे. काकूंना पट्टी लागत नाही. नोकरीत इंग्रजी कानात मुरलेलं.

पण हल्ली काकूंच्या डोळ्यांनी दगा दिला. मधोमध धुरकट दिसतं, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे ते जपा. त्या सोमवारी, मालिकेचा या खेपेचा शेवटचा भाग सुरू व्हायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या वेळेपासून मी काही येणार नाही बरं का. तुम्ही बघा. मी आपली वर बसून ऐकेन."

"का हो काकू? खुर्ची टोचते?" मी विचारलं.

"कोणी बोलत असलं तर ठीक असतं रे. पण मध्येच सगळे गप्प होतात, मग तुम्ही चौघं एकदम 'अरे देवा' करता, आणि मला विचारावं लागतं, काय झालं. सारखं सारखं काय विचारायचं?"

"चौघं कुठे, तिघंच आहोत," वायरमन म्हणाला.

"तू दोघांचा आवाज करतोस."

बघा, ही अशी बाई. ती बैठकीतून उठली तर उरणार काय? मी, बायको आणि वायरमन. म्हणजे बिनमिठाचा संसार. मी काकूंना समजवायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात भाग सुरू झाला.

शेवटी बंदराच्या धक्क्यावर धुकं होतं. खुन्याने साहेबांना मागून ढकललं, पाण्याचा आवाज झाला, आणि लाटेवर साहेबांची टोपी तेवढी तरंगत राहिली. पडदा काळा. नटांची नावं सुरू झाली. एरवी नावं आली की मी टीव्ही बंद करतो. त्या दिवशी रिमोट वायरमनच्या खाली दबलेला, सापडत नव्हता आणि बायको पदराने डोळे पुसत होती. खाली पट्टी येईना, म्हणजे सगळं संपलंच.

"गेला बिचारा," मी म्हणालो.

"जिवंत आहे," काकू म्हणाल्या.

"काकू, टोपी तरंगत होती."

"टोपी मला दिसली नाही. तो खाकरलेला ऐकला. नावं चालली होती तेव्हा, पाण्याच्या आवाजामागे. अर्धाच खाकरला, नेहमीसारखा."

बायको म्हणाली, "पण पट्टी तर आली नाही काही."

"खाकरण्याची पट्टी कोण लिहितं गं?"

"मीच खाकरलो असेन," वायरमन म्हणाला.

"तू खाकरलास की पाण्याचा पंप सुरू झाल्यासारखं वाटतं. हा साहेब होता." मग त्यांनी आम्हाला समजावलं. ऑडिओ नाटकात माणूस खोलीत आलेला दिसत नाही. म्हणून साहेब बोलायच्या आधी घसा अर्धा साफ करतो, की ऐकणाऱ्याला कळावं, आला. तीच सवय टीव्हीतही लागली त्याला. आम्हाला इतक्या वर्षांत पत्ता नाही. आमचे डोळे कायम खालच्या पट्टीला चिकटलेले.

आमचा टीव्ही जुना, गेलेलं परत आणत नाही. त्यामुळे खरंखोटं करायला नवे भाग येईपर्यंत थांबणं आलं. माझ्या डोक्यात किडा वळवळला.

"काकू, पैज. इन्स्पेक्टर मेला असेल तर तुम्ही दर सोमवारी खाली यायचं. कुरकुर नाही. आणि अडलं की मोठ्याने विचारायचं."

"आणि जिवंत निघाला तर?"

"तर मिशी."

"कोणाची?"

"माझ्या बायकोला नाही, म्हणजे माझीच."

"भर रस्त्यात काढेन. माझ्या हाताने," काकू म्हणाल्या, आणि हात पुढे केला. जरा डावीकडे गेला, मी तो पकडून हलवला. वायरमन साक्षीदार. टोपी मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती, म्हणजे काकू आता सोमवारच्या झाल्याच, असं धरून मी शीळ घालत शटर ओढलं.

मग स्वस्थ कोण बसतं? मी साहेबांचा मोठा फोटो छापून आणला, चहूबाजूंनी काळी पट्टी लावली आणि दुकानाच्या काचेवर चिकटवला. खाली लिहिलं, 'आमचे लाडके इन्स्पेक्टर. पाण्यात पडून दुःखद निधन.' येणारी जाणारी माणसं चप्पल काढून थांबायला लागली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आत येऊन गंभीरपणे म्हणाला, "फार वाईट झालं. सासरकडचे होते का?"

मी म्हटलं, "हो, जवळचे. दर सोमवारी घरी असायचे."

"मुलंबाळं?"

"नाही. नुसते खून."

त्याच क्षणी वरच्या गॅलरीतून, काकूंच्या मोबाइलला स्पीकर लावून, सबंध गल्लीला ऐकू जाईल असं अर्धं खाकरणं आलं. आणि पाठोपाठ साहेबांचा तो खर्जातला आवाज. इस्त्रीवाल्याने आधी फोटोकडे बघितलं, मग वर बघितलं, आणि इस्त्रीचे कपडे माझ्याच बाकावर टाकून चालता झाला. माझ्या खुर्चीतलं गिऱ्हाईक गालाला साबण तसाच घेऊन हसतंय. वरून काकूंचा आवाज आला, "मिश्या, मेलेला बोलतोय रे."

"ते जुनं रेकॉर्डिंग आहे काकू."

"मग ऐक की. तुझा दुखवटा हलका होईल."

त्यानंतर रोज. मी काचेवर श्रद्धांजलीची नवी ओळ लिहायची, आणि वरून खाकरणं. गिऱ्हाईकं दाढी नसली तरी येऊन बसायला लागली. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही हरलात तर मला दारात ओळखू याल का?"

"ओळखू नकोस. नवा नवरा मिळाल्यासारखं वाटेल."

"तेवढं नशीब कुठलं," ती म्हणाली.

नवे भाग सुरू झाले त्या सोमवारी काकू आल्या. पैजेचा निकाल लागायचा होता, शेवटचं म्हणून आल्या. हाताने खुर्ची चाचपून भिंतीशी बसल्या. मी त्यांच्या शेजारी. मिशीला सकाळीच नवं मेण लावलेलं.

सुरुवातीला पडद्यावर कोणी बोलेचना. नुसतं वाद्य वाजतंय. पट्टी कोरी. काकू गप्प बसलेल्या, बोटं मांडीवर. विचारणार नाहीत, हे मला दिसत होतं. आणि मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, कारण पडद्यावर चक्क प्रेतयात्रा. गप्प कसा बसू?

"काकू, पेटी आली. लाकडाची, चांगली पॉलिश मारलेली. सगळे काळे कोट. छत्र्या. तो हवालदार आहे ना, नाक लाल झालंय. आता पेटी खांद्यावर घेतली."

"हळू बोला हो," बायको म्हणाली.

"बोलू दे त्याला," काकू म्हणाल्या. "किती जणांनी घेतली?"

"चौघांनी."

"वाकलेत का?"

"छे हो, ताठ चालतायत. एक तर एका हाताने छत्री सांभाळतोय."

"मग पेटी रिकामी आहे. साहेबाचं पोट बघितलंय ना?"

वायरमनचा चहा बशीतच राहिला. आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझा हात आपोआप मिशीकडे गेला. पण तोंड थांबेना. "आता झाडं. दगड. मागे एक माळी पानं गोळा करतोय, पाठमोरा. दुसऱ्या कोणाचे तरी बूट घालून आल्यासारखा चालतोय..." आणि मला ती चाल ओळखू आली.

माळी अर्धा खाकरला. या वेळी आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मग तो वळला.

वायरमनने शटरवर थाप मारून गल्लीला बातमी दिली. काकू नुसत्या हसल्या, खुर्चीत मागे रेलून, बराच वेळ. पुढचा सगळा भाग मी त्यांना सांगत राहिलो. आता कोण आलं, कोणाचा चेहरा पडला, कोणाच्या खिशात काय. त्या मध्येच विचारायच्या, पडदा कसला, खिडकी उघडी का. बायकोने मला एकदाही गप्प केलं नाही. उलट मी एक चाकू सांगायचा विसरलो तर तिनेच सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी खुर्ची फुटपाथवर. वायरमनने वायर ओढून दिली. इस्त्रीवाला, दूधवाला, रोजची गिऱ्हाईकं, शाळेत निघालेली पोरं, सगळे हजर. मी गळ्याभोवती माझाच कपडा बांधून घेतला. काकूंच्या हातात केस कापायचं मशीन.

"काकू, नाक त्याच रांगेत आहे," वायरमन म्हणाला.

"नाक पैजेत नव्हतं." त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने माझा ओठ चाचपला, टोक धरलं आणि मशीन फिरवलं. अर्धी मिशी माझ्या मांडीवर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि काकूंनी मशीन बंद केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सगळे हसतायत, मला कळेना का. सांग."

"अहो काकू..."

"सांग म्हटलं ना. काल कसं सांगत होतास."

मग मी सांगितलं. "दूधवाला सायकलीला टेकलाय, हसून हसून घंटी वाजतेय त्याची. एक पोरगं दप्तरावर उभं राहिलंय. इस्त्रीवाला माझ्याकडे बघत नाही, त्याला अजून वाटतंय घरात दुःख आहे. बायको दारात उभी आहे, पदर तोंडात."

"आणि तुझं थोबाड?"

"डावीकडून मीच आहे. उजवीकडून माझे सासरे."

काकू इतक्या हसल्या की त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. "पैज मी जिंकले, म्हणजे सोमवारी यायची मला सक्ती नाही," त्या म्हणाल्या.

"नाही." उरलेली अर्धी मिशी घेऊन मी गरिबासारखा म्हणालो.

"सक्ती नाही ना? मग येते. पण तू शेजारी बसायचं आणि हे असं सगळं सांगायचं. चाकूसकट."

"सांगतो."

"मान वर कर."

मी मान वर केली. काकूंनी घसा अर्धाच खाकरला आणि मशीन सुरू केलं.