आभार मानायची पाळी

आमच्या घरात तक्रारीला बंदी आहे. संध्याकाळी जेवायच्या आधी प्रार्थना होते आणि ज्याची पाळी असेल त्यानं दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, हा सासूबाईंचा नियम. त्या ऐन तरुणपणी विधवा झाल्या, दोन पोरं पदरात, आणि याच नियमावर तगल्या. त्यामुळे बोलायची सोयच नाही. कुणी जरा कुरकुरलं की म्हणतात, "तोंड कडू केलं की घासही कडू लागतो."

मी एका हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करते. खिडकी नाही. नुसती वाफ, आणि एक ढीग संपतोय तोवर दुसरा हजर. काही महिन्यांपासून उजव्या हाताला मुंग्या यायच्या, हल्ली बोटं पार बधिर व्हायला लागली होती. इस्त्रीवालीचा उजवा हात गेला तर राहिलं काय, कपाळ? रोज ठरवायची, आज घरी सांगायचंच. आणि पाळी आली की तोंडातून निघायचं, "प्रभू, आज काम छान झालं, तुझे आभार." खोटारडी कुठली! तिकडे तळघर, इकडे आभार. जाणार कुठे मी?

नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं. तो आईचाच लेक. "मन खंबीर ठेव गं, सगळं ठीक होईल," म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला. अस्सा राग आला म्हणून सांगू!

काल भाजीचा तवा शेगडीवरून उचलून टेबलावर आणून ठेवला. नवरा हसला. "बघ आई, तापलेला दांडा, आणि फडकंसुद्धा घेतलं नाही. हिला चटकाच बसत नाही!"

मी उजव्या तळव्याकडे पाहिलं. लालभडक. मला काहीच जाणवलं नव्हतं.

सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. "चला, आज सूनबाईची पाळी."

माझं डोकंच फिरलं. "प्रभू," मी ओरडलेच, "हात भाजला तरी मला कळलं नाही, त्याबद्दल तुझे लाख लाख आभार!"

नवऱ्याचं हसू जागच्या जागी विरलं. सासूबाईंनी डोळे उघडले, माझा हात ओढून पाहिला आणि मला तशीच नळाखाली नेली.

"कधीपासून होतंय हे?"

"कित्येक महिने झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"कुठे बोलू? या घरात जागा ठेवलीत का तुम्ही?"

मला रडू फुटलं. त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "बायबलात आहे, प्रभू स्वतः मित्राच्या कबरेपाशी रडला गं. आणि मी इथे रडायलाच बंदी केली. तुझ्या खोट्या आभारांचं तो काय लोणचं घालणार होता? उद्या कामाला जायचं नाही. आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ."

पाणी वाहत होतं. माझा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी डोळे मिटले. "प्रभू, आजवर तू दिलंस ते सगळं गोड मानून घेतलं. पण हे मला पटलेलं नाही, स्पष्ट सांगते. माझी पोर आहे ही. हिचा हात बरा कर. ऐकतोयस ना?"

मागे नवरा चुळबुळत उभा होता. हळूच म्हणाला, "आई, आमेन म्हणू का?"

"थांब रे," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "माझं भांडण अजून संपलेलं नाही."