तीन बोटांची गोष्ट

संघात सगळे तिला घार म्हणत. पडद्याच्या कोपऱ्यात नुसती सावली हलली तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. वय सत्तावीस. "या धंद्यात मी आजीबाईच," असं ती स्वतःच म्हणून टाकायची, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

संगणकावरच्या गोळीबाराच्या खेळाचा हा पाच जणांचा व्यावसायिक संघ एका तीन खोल्यांच्या घरात राहायचा. बाहेरच्या खोलीत पाच टेबलं, पाच संगणक, फरशीभर वायरी. सकाळी दहाला सराव, दुपारी सामना, मग त्याच सामन्याची चिरफाड. कप्तान घारच. कुणी कधी कुठून घुसायचं, ते ती सांगणार आणि सगळ्यांत आधी गोळी तिची सुटणार.

गेले तीन आठवडे तिच्या उजव्या हाताची तीन बोटं मधूनच बधिर व्हायची. अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं. माउस हातात आहे की नाही, हे बघूनच कळायचं. ती न्हाणीघरात जाऊन गरम पाण्याखाली हात धरायची. सुट्टीत बाकीचे आडवे व्हायचे आणि ही पॅसेजमध्ये येरझारा घालायची, मुठी उघडत, मिटत.

सरावाचे चार सामने लागोपाठ हातचे गेले. संघातला एक जण पूर्वी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून तो मास्तर. कोचनं सगळं खापर त्याच्यावर फोडलं. "तू उशिरा पोचतोस. ती एकटी पडते." खरं तर मास्तर वेळेवर पोचत होता, घारीचीच गोळी उशिरा सुटत होती. तिनं मान खाली घातली आणि गप्प राहिली. दुसऱ्या दिवसापासून मास्तर सगळ्यांच्या दोन तास आधी टेबलाशी बसू लागला. त्याच्या माउसची टिकटिक ऐकत ती अंथरुणात कूस बदलत राहायची.

उपांत्य सामन्याच्या दोन दिवस आधी तिचे बाबा आले. बाबांनी तीस वर्षं गोदीत क्रेन चालवली होती. त्यांनी पाचही टेबलं नीट पाहिली, खुर्च्या दाबून पाहिल्या, आणि कोचला म्हणाले, "आमच्या केबिनपेक्षा बरी आहे व्यवस्था. वारा तेवढा नाही."

मग ती आणि बाबा स्वयंपाकघरात चहा घेऊन उभे राहिले.

"कप डाव्या हातात का?"

"असंच."

"असंच काही नसतं. कधीपासून?"

तिनं कप ओट्यावर ठेवला, उचलला, परत ठेवला. "तीन आठवडे."

"माझ्या हाताचंही असंच झालं होतं, मी दोन महिने लपवलं," बाबा म्हणाले. "तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. एक दिवस हात वेळेवर वळला नाही आणि कंटेनर वीतभर जास्त खाली आला. खालच्या माणसाचा पाय वाचला, बुटाचा पार चेंदामेंदा झाला. तो हसत होता गं. मला मात्र आठवडाभर घास गिळवेना."

"बाबा, इथं कुणाचा पाय नाही चिरडत. खेळ आहे हा."

बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "खेळ? दहा वर्षं माझ्याशी भांडलीस, हा खेळ नाही, काम आहे म्हणून. मला आत्ता कुठं पटलं होतं."

ती तशीच बाहेर गेली. बसली असती तर धीर सुटला असता, म्हणून उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आधी मास्तरला, मग कोचला. कोच चिडला, मग कपाळ चोळत बसला, मग राखीव खेळाडूला फोन लावायला गेला. मास्तरनं आपला मग उचलला, स्वयंपाकघरात नेऊन धुतला, आणि धुतलेलाच पुन्हा धुतला.

सामन्याच्या दिवशी घार कोचच्या शेजारी मागच्या खुर्चीत होती, हाताला पट्टा बांधून. बसवत नव्हतं. राखीव मुलगी चांगली खेळत होती, तरी प्रत्येक वेळी घारीची बोटं मांडीवर आपोआप हलायची, अर्धा क्षण आधी. समोरच्या संघातला एक जण गोळीबार सुरू झाला की डावीकडचं दार सोडून मदतीला धावतो, हे तिनं तीनदा पाहिलं. खेळ चालू असताना मागून बोलायला बंदी. ती ओठ चावत राहिली.

मधली सुट्टी झाली. तिनं तोंड उघडलं आणि मास्तरकडे नजर जाताच मिटलं.

मास्तरनं हेडफोन काढून गळ्यात घातला. आठ-दहा वाक्यं मनात जुळवून, त्यातली एकही न बोलता, शेवटी एवढंच म्हणाला, "बोल. काय दिसलं?"

"डावं दार. उजवीकडं आवाज करा, ते मोकळं सोडतात."

पुढचे पाच डाव त्यांनी लागोपाठ जिंकले. मग समोरच्यांच्याही लक्षात आलं आणि सामना दोन डावांनी गेला. कुणी कुणाला दोष दिला नाही. बाबा शेवटपर्यंत उभे राहून टाळ्या वाजवत होते. "कोण जिंकलं?" असं त्यांनी नंतर हळूच विचारलं.

मनगटाची शस्त्रक्रिया झाली. करार संपला, संघानं तो वाढवला नाही. दोन महिने ती घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. आईनं तिला भाजी चिरायला बसवलं, तर दहा मिनिटांत सुरी टाकून उठली. मग दुसऱ्या एका संघाचा फोन आला. खेळायचं नाही, समोरच्यांचे सामने बघायचे आणि त्यांच्या खोडी शोधून द्यायच्या. तिनं आधी नाही म्हटलं, तासाभरानं पुन्हा फोन करून हो म्हटलं, आणि ठेवल्यावर रडली.

ही बातमी कळताच मास्तरचा फोन आला.

"पुढच्या महिन्यात आमचाच सामना आहे तुमच्याशी. माझ्याबद्दल काय सांगणार आहेस त्यांना?"

"सगळं."

मास्तर म्हणाला, "बरं. म्हणजे मला आता नव्यानं शिकायला लागणार." आणि त्याच्या माउसची टिकटिक सुरू झाली.