सतरा नंबरला फक्त पाठ दिसते

मित्रांनो, मी सतरा नंबरचा जुना कॅमेरा आहे, आणि आयुष्यभर मी लोकांच्या पाठीच पाहिल्या. चेहरे पाहायचं भाग्य एक नंबरचं. तो समोर असायचा, त्यामुळे त्याचा तोरा काही विचारू नका.

आम्ही चोवीस भावंडं. काळे पडदे लावलेल्या खोलीत आम्हाला लोखंडी खांबांवर गोलाकार बसवलं होतं. मधे कुणी चाललं, नाचलं, उडी मारली की आम्ही सगळे एकाच क्षणी फोटो काढायचो. संगणक ते जोडून चालतीबोलती नाही, पण चालती आकृती नक्की बनवायचा, चहूबाजूंनी पाहता येणारी. मी नसतो तर तिच्या पाठीला भगदाड पडलं असतं. पण पाठीचं कौतुक कोण करतं?

आमच्यापैकी कोण कुठे उभा आहे, हे संगणकाला कळावं म्हणून आम्हाला सांभाळणारी ताई रोज सकाळी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची पाटी आमच्यासमोरून फिरवायची. ती माझ्यापुढे थांबली की तेवढे दोन क्षण मला एकटं वाटायचं नाही.

एके दिवशी ताईने वडिलांना आणलं. ते त्याच दुपारी कायमचे तिच्या दादाकडे राहायला निघाले होते.

"बाबा, तुमची चाल मला ठेवून घ्यायचीय."

"घे की. गुडघेपण ठेवून घे," बाबा म्हणाले.

बाबा हात मागे बांधून चालले. समोरून अगदी ऐटीत. पण मागे त्यांची बोटं रुमाल पिळत होती, सोडत होती, पुन्हा पिळत होती. शेजारच्या कॅमेऱ्यांना कोपरं आडवी आली. ते फक्त मला दिसलं.

घोळ आधीच झाला होता. सकाळी पाटी फिरवून झाल्यावर ताईचे साहेब दिवा बदलायला चढले, आणि त्यांची शिडी मला लागली. मी बोटभर वळलो. संगणकाला ते काय ठाऊक? पडद्यावर बाबांचे हात पाठ सोडून वीतभर बाजूने चालले होते.

ताई बाबांना गाडीत बसवायला गेली होती. "हे हात बाबांच्या आधीच निघालेत," साहेब हसले. "सतरा कामातून गेला. हात संगणक अंदाजाने भरेल." आणि त्यांनी मला खाली उतरवलं.

संगणकाने अंदाज केला, की बाबांचे हात खिशात आहेत.

ताई परतली. "हे बाबा नाहीत," ती म्हणाली. मग तिला रिकामा खांब दिसला, शिडी दिसली. पाटी घेऊन ती धावत आली. मी वाकडा का होईना, जागेवर असतो आणि पाटी एकदा माझ्यापुढे धरली असती, तर हात नेमके पाठीशी बसले असते. पण मी टेबलावर आडवा पडलो होतो.

"मला विचारायचं तरी."

"अगं, एक पाठच तर होती."

ताईने माझे फोटो उघडले. सपाट होते, पण रुमाल त्यांत होता. ती बराच वेळ बघत बसली, मग तिने फोन लावला.

"बाबा, पोहोचलात का?"

"पोहोचलो. मजेत आहे."

"हातात रुमाल आहे ना?"

"तुला कुठून दिसला?" बाबांनी विचारलं.

आता मी खणात आहे. ती पाटीही इथेच आहे, माझ्या काचेला टेकलेली. इतकी जवळ, की मला एकच काळा चौकोन दिसतो. मित्रांनो, एखाद्याचं म्हणणं बाकीच्यांशी जुळलं नाही, तर त्याला खाली उतरवण्याआधी एवढंच विचारा, की तू कुठून बघतोयस. आणि कुणी मजेत आहे म्हणालं, तर एकदा मागे जाऊन त्याचे हात बघा.