बुधवारपासून

लंडनपुढे हात पसरायचा नाही, हे आईचं वाक्य मी पंधरा वर्षं ऐकलं. अपंग वृद्धांचा भत्ता लंडनकडून आमच्या एडिनबराच्या सरकारकडे आला तेव्हा मी म्हटलं, आता तरी अर्ज कर, आता देणारी आपलीच माणसं आहेत. ती कशीबशी तयार झाली. भत्ता मिळाला तर सकाळी मदतीला बाई ठेवता येणार होती. नाही तर बेटावरचं, ब्रॅगर गावातलं घर बंद करून तिला माझ्याकडे इन्व्हरनेसला यावं लागणार होतं. ते तिला नको होतं.

अर्ज भरून द्यायला खात्याची मुलगी घरी यायची होती. शुक्रवारी मी बेटावर पोचले तर आई चर्चचा निळा झगा घालून, ब्रोच लावून ताठ बसलेली. पितळेच्या मेणबत्तीदाण्या लखलखत होत्या. टेबलावर गरम स्कोन, घरी भाजलेले छोटे गोल पाव.

मुलगी आत आली तसं आईनं विचारलं, "कुणाची गं तू?"

ती शोनाग, नेस गावच्या मुरदिनाची नात. मुरदिना आणि आई शाळेच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या. मला वाटलं, बरं झालं. पण परक्यापुढे दुखणं सांगता येतं. मुरदिनाच्या नातीपुढे कसं सांगणार? कपडे? माझे मीच घालते. जिना? चढते की. स्वयंपाक? समोर काय ठेवलंय? मी तोंड उघडलं, तर लहानपणी चर्चमध्ये चुळबुळ केल्यावर बघायची तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

शोनागनं पेन खाली ठेवलं. एक स्कोन खाल्ला, दुसरा मागून घेतला.

"आजी, हे करायला किती वेळ लागला?"

 आमच्या घरी खोटं बोलायची पद्धत नव्हती.

"बुधवारपासून लागले आहे," ती म्हणाली. "बुधवारी पीठ मोजून ठेवलं. आज पहाटे चारला सुरुवात केली."

"आणि ही बटणं?"

"ती काल दुपारभर लावत होते. मग झगा काढलाच नाही. खुर्चीतच झोपले, चुरगळायला नको."

रोज संध्याकाळी फोनवर ती मला 'छान चाललंय' सांगायची.

"असंच लिहू?" शोनागनं विचारलं.

"असंच लिही. आणि हेही लिही, की कुणाला हाक मारली नाही."

शोनागनं तेही लिहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला लाज वाटायला हवी होती, पण अभिमानानं ऊर भरून आला होता.

भत्ता मंजूर झाला. शेजारची केटी-ऍन सकाळी येऊ लागली. तिला बटणं नीट लावता येत नाहीत, अशी आईची तक्रार असे. त्या घरात आईनं आणखी एक हिवाळा काढला.

तो सरत आला असताना, फेब्रुवारीत ती गेली. गावातले पुरुष दोन रांगांत उभे राहिले आणि पाळीपाळीनं खांदा देत तिला घेऊन गेले. बायकांनी मागे थांबायचा आमच्याकडे रिवाज आहे. ती गेली ते तिच्याच दारातून. मी त्या दारात उभी होते, मान वर करून.