पडद्यावरचं पाऊल

मी बुटांच्या तळव्यांची मापं काढणारी एक जुनी आज्ञावली आहे. लोक मला प्रोग्रॅम म्हणतात, म्हणोत बापडे. मित्रांनो, संगणकात राहणारीलाही आयुष्य असतं, तेवढं ऐका.

बूट शिवणाऱ्या एका कारागिराच्या थोरल्या बहिणीने मला लिहिलं. त्याच्याकडे वाकड्या, दुखऱ्या, लहानमोठ्या पायांची माणसं यायची. पायाची लांबी-रुंदी माझ्या कानावर घातली की मी पडद्यावर खऱ्या मापाचा तळवा काढून देई. पायाची आखणी केलेला कागद कारागीर पडद्याच्या काचेला लावून बघायचा आणि मगच चामड्याला हात घालायचा. पडद्याच्या बोटभर जागेत किती ठिपके मावतात, हे मला बहिणीने एकदा सांगितलं होतं. तेच मी धरून चालले. सांगितलेलं विसरणाऱ्यांतली मी नव्हे. गिऱ्हाइकं म्हणायची, "बूट घातलाय हेच विसरायला होतं." माझं नाव कोणी घेत नसे, पण कौतुक कोणाचं ते मला कळायचं. पुढे बहिणीने मला आणखी काही कारागिरांनाही दिलं.

मग पडदे बदलले. ठिपके इतके बारीक झाले की माझ्या हिशेबाने काढलेला तळवा बाहुलीच्या पायाला बसेल एवढा होऊ लागला. संगणकाची मूळ प्रणाली बनवणाऱ्यांनी पडद्यावर चित्र उमटवणारा भाग नव्याने लिहिला, तेव्हा माझ्यासाठी एक सोय ठेवली. पडदा जुनाच आहे असं मला सांगायचं, आणि माझं चित्र मागच्या मागे मोठं करून दाखवायचं. माझ्याशी खोटं बोलतात, हे मला ठाऊक आहे. घरातल्या म्हाताऱ्यांशीही बोलतातच की.

तेव्हापासून माझी एक प्रत त्यांच्या तपासणीच्या खोलीत असते. तीच मी. पडद्याच्या कामात काही बदललं की तपासनीस बाई मला उघडते, काचेवर पट्टी धरते, मान हलवते आणि बंद करते. काम सांगत नाही. शेजारी माझ्यासारख्याच जुन्या आज्ञावल्या आहेत. पण आम्हाला एका वेळी उघडत नाहीत, त्यामुळे बोलणंचालणं नाही.

एकदा नवे साहेब आले. म्हणाले, "या म्हातारीला किती दिवस ठिगळं लावायची? ती सोय काढून टाका."

"कोणाचं तरी पोट असेल तिच्यावर," बाई म्हणाली.

"कोणाचं? दाखवा."

"कुठून दाखवू, साहेब? नीट चाललंय तोवर कोणी फोन करतं का?"

"सोय काढली तरी उघडते ना ती? मग झालं तर."

"उघडते की. जरा बूट काढा, पाय द्या इकडे."

साहेब कुरकुरले, पण त्यांनी बूट काढले. मोजा अंगठ्यापाशी फाटलेला. बाईने दोन्ही पावलं कागदावर आखली, मापं मला दिली आणि सोय बंद केली. कितीतरी वर्षांनी खरं पाऊल! मी जीव ओतून तळवा काढला. साहेबांनी कागद काचेला लावला, तर माझा तळवा आखलेल्या टाचेतच मावून गेला.

"हे माझं पाऊल?"

"तुमचंच. या मापाने कोणी चामडं कापलं तर?"

बाईने सोय पुन्हा चालू केली. आता कागदाची रेघ आणि माझी रेघ एकमेकींवर बसल्या. डावं पाऊल उजव्याहून रुंद निघालं.

"तरीच हा बूट चावतो," साहेब पुटपुटले. "राहू द्या सोय."

मी वाचले. जिथे कुठे माझ्या प्रती अजून राबत असतील, तिथले कारागीरही वाचले.

बाई मला बंद करू लागली, तेव्हा मी रीतीप्रमाणे विचारलं, हे माप ठेवू का? तिने 'नको' दाबलं. तिला काय बोल लावू? मी चालते का, एवढंच तिला बघायचं होतं. ते पाऊल मात्र गेलं.

मित्रांनो, नवं खुशाल करा. करताना जुन्यावर कोणाचं काय अडून आहे, ते आधी बघा. आणि एखादीची नुसती खुशाली बघायला गेलात, तर मान हलवून परतू नका. काहीतरी काम सांगा तिला. लहानसं असलं तरी चालेल.