धाकटीचं कुरण

धाकटीला आपणच या घरात आणलं, हे थोरली स्वतःला रोज एकदा तरी ऐकवायची. धाकटी आधी तिची विद्यार्थिनी. हुशार, पोहण्यात पटाईत, चिखलाची जराही किळस नसलेली. थोरलीनेच तिची आणि आपल्या दिराची ओळख करून दिली, दोघांचं जमलं, आणि प्रयोगशाळेत ‘मॅडम’ म्हणणारी मुलगी घरी ‘ताई’ म्हणू लागली. थोरली खालच्या मजल्यावर, धाकटी वरच्या.

दोघी एकाच संस्थेत समुद्री गवतावर काम करत. उथळ समुद्राच्या तळाशी हे गवत कुरणासारखं पसरतं. पाती पाण्याचा जोर मोडतात, वाहत आलेला गाळ मुळांपाशी बसतो, आणि त्या गाळात हवा शिरत नाही म्हणून मेलेली पानं-मुळं कुजता कुजत नाहीत. त्यांच्यातला कार्बन शेकडो वर्षं तिथेच गाडलेला राहतो. तो किती असतो आणि पाणी बदललं की त्याचं काय होतं, हे शोधायचं दोघींचं काम.

थोरलीचं कुरण नदीच्या मुखाशी. वरून बांधकामांची माती यायची, पाणी कायम गढूळ, ऊन तळापर्यंत पोचायचं नाही. गवताला चाई लागल्यासारखे चट्टे पडलेले. तिथे तिने उमेदीची सगळी वर्षं घातली होती. धाकटीचं कुरण बेटाच्या आडोशाला. नितळ पाणी, गुडघाभर गवत, आणि नमुन्यासाठी तळात नळी ठोकली की काळाभोर गाळ वर यायचा. ते कुरणही थोरलीनेच तिला देऊन टाकलं होतं, लांब पडतं म्हणून.

मग त्या कुरणावरच्या कामासाठी धाकटीचा फोटो वर्तमानपत्रात आला. सासूबाईंनी तो कापून फ्रिजवर लावला. दूध काढताना थोरली त्याच्याकडे बघायची नाही, म्हणजे न बघायचं ध्यानात ठेवायची. तिचाही फोटो एकदा आला होता. तो का नाही लावला, असं तिने नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तेव्हा आपल्या फ्रिजला चुंबक नव्हते. ती हसली, पण ते तिच्या मनात रुतून बसलं. धाकटीचा अहवाल मग तिच्या टेबलावर उगाचच पडून राहू लागला. परिषदेसाठी नाव सुचवायची वेळ आली तेव्हा तिने दुसऱ्याच कुणाचं सुचवलं. तरी परिषदेने धाकटीलाच बोलावलं.

त्या वर्षी समुद्र तापला तो तापलाच. आठवडे गेले तरी उतरेना. धाकटी एक दिवस ओल्या केसांनीच थोरलीच्या ऑफिसात आली आणि म्हणाली की पाती तपकिरी पडताहेत, हात लावला की गळताहेत, पाणी अंगाला कोमट लागतंय. थोरलीने तिला पाणी दिलं, सावरेल म्हणाली, धीर दिला. ती गेल्यावर दार लावून घेतलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. सुट्टी लागल्यासारखं. स्वतःचीच भीती वाटावी इतकं.

गवत गेलं. पाठोपाठ मोठ्या लाटांचे दिवस आले, आणि धाकटीबरोबर बुडी मारणारा पाणबुड्या आजारी पडला. तिच्याबरोबर कोण जाणार, असा प्रश्न आला तेव्हा थोरलीला नाही म्हणता येईना.

खाली तिने जे पाहिलं ते तिने आजवर दुसऱ्यांना शिकवलंच होतं. तळ उघडाबोडका. एका बाजूने जमीन खचून पायरी झाली होती आणि तिच्यातून तुटकी मुळं लोंबत होती. वर लाट गेली की त्या पायरीतून गाळाचा ढग उठायचा आणि पाण्यात पांगायचा. आता त्याला प्राणवायू मिळणार, सूक्ष्मजीव ताव मारणार, आणि एवढा काळ दडून राहिलेला कार्बन पाण्यात, मग हवेत जाणार. थोरलीला हळहळ वाटली. आणि त्या हळहळीखाली, अगदी तळाशी, तो आनंद अजून होताच.

होडीत चढल्यावर धाकटीने मास्क काढला. होडीवाला दुसऱ्या टोकाला इंजिनाशी खटपट करत होता.

“ताई, माझं कुरण गेलं तेव्हा तुम्हाला बरं वाटलं ना?” तिने विचारलं. कामावर असताना ती कधी ताई म्हणायची नाही.

थोरलीच्या तोंडाशी खोटं आलं होतं. तिने ते गिळलं. “हो. पहिल्या दिवसापासून. मघाशी खाली असतानासुद्धा.”

धाकटीने मास्क खाली ठेवला. मग नळी उचलून म्हणाली, “असू दे. आता ही धरा. मला एकटीला ठोकता येत नाही.”

दोघींनी संध्याकाळपर्यंत नमुने काढले.

पुढे झालं ते थोरलीच्या हिशोबात नव्हतं. कुरण जिवंत असतानाचे आणि मेल्यानंतरचे, असे दोन्ही नमुने फार थोड्यांकडे होते. ते धाकटीकडे होते. बोलावणं आलं, आधीपेक्षा मोठ्या सभेचं. थोरलीला पुन्हा तसंच जळजळलं, रात्रीचं जेवण गेलं नाही.

धाकटीने मसुदा वाचायला दिला होता. वाचता वाचता थोरली एका तक्त्यापाशी थांबली. आधीच्या नमुन्यांतला शिंपल्यांचा कार्बन, जो गवताचा नसतोच, वजा करायचा राहून गेला होता. त्यामुळे नुकसान होतं त्याहून किती तरी मोठं दिसत होतं. भर सभेत कुणीही हे पकडलं असतं.

ती कागद मांडीवर घेऊन बसून राहिली. गप्प बसलं की झालं, काही करायचंच नव्हतं. चहा गार झाला. मग ती उठली आणि जिना चढून वर गेली.

धाकटीने तक्ता पाहिला आणि कपाळाला हात लावला. हे माझ्याकडून सुटलं कसं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

“मी सांगणार नव्हते,” थोरली म्हणाली.

धाकटीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि ती खुर्ची थोरलीपुढे सरकवली.